विश्लेषण : कॉटन ग्रीनची सभा कधी भरणार?

राज्यातील हजार वस्तीच्या गावालाही कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा मिळतात. सरपंचाला मतदारांसमोर उभे राहून खर्च सांगावा लागतो. मुंबईतल्या एका प्रभागात मात्र सरासरी ५५ हजार माणसे राहतात आणि त्यांच्यासाठी अशी एकही सभा होत नाही. कॉटन ग्रीन-काळाचौकी हा परिसर वर्षभर सभा, वर्गण्या, अहवाल आणि उत्सव यांत गजबजलेला असतो. मंडळाचा हिशेब इथे होतो, सोसायटीचा होतो, महापालिकेचा मात्र होत नाही. असे का, आणि यात बदल करायचा तर कायद्यात काय शोधावे लागेल, याचा हा आढावा.

कॉटन ग्रीन म्हणजे नेमके काय?

हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्यामध्ये असलेल्या स्थानकाचे हे नाव आहे. ‘ग्रीन’ म्हणजे मोकळे मैदान. इंग्रज अमदानीत कापसाच्या गासड्यांचे ढीग किल्ल्यातल्या मैदानात, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, पडत असत. पुढे १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकाच्या विशीत पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून मिळवलेल्या शिवडीच्या जमिनीवर आला. कापूस हलला तसे त्याचे नावही सोबत आले. गोदामे उभी राहिली, कॉटन एक्स्चेंजची इमारत झाली, मालगाड्यांचे रूळ आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. त्याच मार्गावरचे हे स्थानक.

रुळांच्या पूर्वेला बंदराची गोदामे, पश्चिमेला माणसांची वस्ती, अशी इथली ढोबळ विभागणी. पश्चिमेकडे काळाचौकी, अभ्युदयनगर आणि थोडे पुढे लालबाग-परळ. दक्षिणेला घोडपदेव, उत्तरेला शिवडी. गिरणी कामगार, गोदी कामगार आणि गोदामातले माथाडी यांनी ही वस्ती घडवली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, गोदामांतला कापूसही कमी होत गेला, पण वस्ती राहिली. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मुंबईतल्या काही स्थानकांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यात करी रोडचे लालबाग आणि कॉटन ग्रीनचे काळाचौकी करण्याचा प्रस्ताव आहे. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळात तसा ठराव आला. अशा ठरावावर अंतिम मोहोर केंद्राची लागते. नाव चांगले की वाईट हा वेगळा वाद. इथे मुद्दा एवढाच, की वस्तीचे नाव बदलण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी वस्तीची सभा कुणी बोलावली नाही. बोलावायची म्हटले तरी ती कोणत्या कायद्याखाली भरवायची, हे कुणाला सांगता आले नसते.

इथले वर्ष कसे जाते?

गिरणगावातल्या वस्तीचे वर्ष दिनदर्शिकेपेक्षा मंडळांच्या फलकांवर जास्त स्पष्ट दिसते. २६ जानेवारीला झेंडावंदन आणि बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा, चाळीतल्या मुलांच्या स्पर्धा आणि हळदीकुंकू. फेब्रुवारीत शिवजयंती. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की मैदानात प्रकाशझोतातले क्रिकेट आणि कबड्डीचे सामने. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. १ मे हा इथे दोन अर्थांनी महत्त्वाचा, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. जूनमध्ये वह्यावाटप आणि दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार, जुलैत सखल भागात साचणारे पाणी आणि त्यावरून होणारी पळापळ. मग गोविंदा पथकांचा सराव, गणपती, नवरात्र, दिवाळीचे कंदील आणि मुलांचे मातीचे किल्ले. डिसेंबरात रक्तदान शिबिरे आणि पुन्हा नव्या वर्षाच्या दिनदर्शिका घरोघरी.

यातला प्रत्येक कार्यक्रम कुणीतरी ठरवतो, त्यासाठी वर्गणी गोळा करतो, पोलीस आणि महापालिकेची परवानगी काढतो, मांडव घालतो आणि शेवटी हिशेब लावतो. लालबागमध्ये १९३४ पासून सार्वजनिक गणपती बसतो, म्हणजे काही मंडळांचे वय स्वतंत्र भारतापेक्षाही जास्त आहे. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार ही पदे इथल्या तरुणाला महापालिकेच्या कोणत्याही पदापेक्षा आधी कळतात. सभा कशी बोलवायची, इतिवृत्त कसे लिहायचे, हिशेब तपासनीस कुणाला नेमायचे आणि भरसभेत एखाद्याने ‘लायटिंगचे बिल एवढे कसे?’ असे विचारले तर काय उत्तर द्यायचे, याचे शिक्षण त्याला गल्लीतच मिळते. राज्य सरकारने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, तेव्हा भर उत्सवाच्या भव्यतेवर होता. त्यामागे असलेली ही सभांची सवय मात्र फारशी चर्चेत आली नाही.

हा हिशेब द्यायला भाग पाडतो कोण?

काही प्रमाणात शेजाऱ्यांचा डोळा, पण बऱ्याच प्रमाणात कायदा. नोंदणीकृत मंडळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली येतात. त्यांना लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात. नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. गृहनिर्माण सोसायट्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे त्यांना बंधनकारक असते. सभासदांना आधी सूचना, विषयपत्रिका आणि ताळेबंद द्यावा लागतो.

म्हणजे ६० बिऱ्हाडांच्या सोसायटीने पाण्याची टाकी धुण्यासाठी किती पैसे दिले, हे सभासदाला विचारता येते आणि उत्तर मिळणे हा त्याचा हक्क आहे. त्याच सोसायटीच्या दारासमोरचा रस्ता पावसाळ्याआधी खोदला, पुन्हा भरला आणि पुन्हा खोदला, तर त्याचा खर्च कुणाला, कधी आणि कुठे विचारायचा? माहितीचा अधिकार आहे, पण तो एकट्याने अर्ज करण्याचा मार्ग आहे. सगळ्यांनी एकत्र बसून विचारण्याची जागा कायद्याच्या पुस्तकात अर्धीमुर्धी आहे आणि प्रत्यक्षात नाहीच.

महापालिकेत काय झाले?

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. ८ मार्चपासून आयुक्त हेच प्रशासक झाले. आधी इक्बालसिंह चहल आणि मार्च २०२४ पासून भूषण गगराणी. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ (यू) सांगतो, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. प्रत्यक्षात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ करण्याचा घोळ आणि त्यावरची न्यायालयीन प्रकरणे यांत वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, नंतर ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. शेवटी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. पावणेचार वर्षांहून अधिक काळ देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका लोकप्रतिनिधींशिवाय चालली.

याचा अर्थ कॉटन ग्रीनसारख्या वस्तीसाठी काय, हे अर्थसंकल्पावरून समजून घेता येते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार आयुक्त ५ फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्पाचा अंदाज स्थायी समितीपुढे ठेवतात; समिती आणि मग सभागृह त्यावर चर्चा करून बदल सुचवते आणि मंजुरी देते. २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन अर्थसंकल्प आयुक्तांनीच मांडले आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केले. २०२५-२६ चा आकडा होता ७४,४२७ कोटी रुपये. चर्चेसाठी समोर कुणी नव्हते. दरम्यान विकासकामांच्या निधीसाठी आमदार-खासदारांनी मागणी करायची आणि पालकमंत्र्यांच्या मान्यतेने तो द्यायचा, असे धोरण २०२३ मध्ये आले. त्यावरून सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात भेदभावाचे आरोप झाले. राजकारण बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. गल्लीतल्या गटारासाठी थेट मंत्रालयाच्या दिशेने पाहावे लागणे, ही स्थानिक स्वराज्याची उलटी चाल आहे.

एक योगायोग इथे नोंदवण्यासारखा आहे. गिरणगावातल्या कामगारांनी १९६४ मध्ये पतसंस्था म्हणून उभी केलेली अभ्युदय बँक पुढे मोठी नागरी सहकारी बँक झाली. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये कारभाराच्या निकषांतील त्रुटींचे कारण देत तिचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि प्रशासक नेमला. म्हणजे त्या काळात इथल्या खातेदाराची बँकही प्रशासकाकडे होती आणि त्याची महापालिकाही. दोन्हींची कारणे अगदी वेगळी. बँकेत ठेवीदारांच्या रक्षणासाठी हस्तक्षेप झाला, तर महापालिकेत निवडणूकच झाली नाही. पण सामान्य सभासदाच्या वाट्याला दोन्हीकडे सारखीच गोष्ट आली. निर्णय वर होतात आणि सूचना खाली येते.

या भागाचा कारभार नेमका कोणाकडे आहे?

याचे उत्तर एका नावात देता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. रस्ते, पाणी, कचरा आणि मलनिस्सारण महापालिकेच्या एफ दक्षिण विभागाकडे. बस आणि वीज बेस्टकडे. स्थानक मध्य रेल्वेकडे. अभ्युदयनगरच्या ४८ इमारती आणि सुमारे ३,३५० घरांचा पुनर्विकास म्हाडाकडे. शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, तो आणि त्याला जोडणारा शिवडी-वरळी उन्नत मार्ग एमएमआरडीएकडे. आणि रुळांच्या पूर्वेची जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे.

बंदराच्या जमिनीबाबत आणखी एक पेच आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने पोर्ट ट्रस्टलाच त्याच्या पट्ट्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. म्हणजे त्या जमिनीवर पुढे काय उभे राहायचे, याचा आराखडा महापालिकेच्या सभागृहात ठरत नाही. २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्यानुसार प्राधिकरणाच्या मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण खाते, सीमाशुल्क आणि कर्मचारी यांचे प्रतिनिधी असतात. महापालिकेसाठी किंवा बंदराला लागून राहणाऱ्या रहिवाशांसाठी वेगळी जागा नाही.

याचा फटका कसा बसतो, ते शिवडीच्या बीडीडी चाळींत दिसते. मुंबईत बीडीडीच्या एकूण २०७ चाळी. त्यांतल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला. शिवडीच्या १२ चाळी मात्र बंदराच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या धरल्या तर ९६० बिऱ्हाडे. बांधकाम त्याच काळातले, भाडेकरूंचा वर्गही तोच, फक्त खालची जमीन दुसऱ्या सरकारची. या कुटुंबांनी दाद मागायची तर महापालिका म्हणते जमीन आमची नाही, राज्य म्हणते जमीन केंद्राची आहे आणि केंद्र दिल्लीत असते. अभ्युदयनगरचा प्रश्न वेगळा असला तरी अनुभव जवळचाच आहे. तिथे नव्या घराच्या क्षेत्रफळाची अट आधी किमान ६३५ चौरस फूट होती, निविदांना प्रतिसाद मिळेना म्हणून ती ६२० वर आली. पंधरा चौरस फूट म्हणजे देव्हारा आणि त्यापुढे बसायची जागा. ती कमी करण्याचा निर्णय योग्य असेलही, पण तो रहिवाशांना आधी कळायला हवा की बातमीतून?

छोट्या शहराशी तुलना केली तर?

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या होती १,२४,४२,३७३. ती २२७ प्रभागांत वाटली तर एका प्रभागात सरासरी ५५ हजार माणसे येतात आणि त्यांचा प्रतिनिधी एक. महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यानुसार ४० हजार ते एक लाख वस्तीचे शहर ‘ब’ वर्ग नगरपरिषद होऊ शकते. अशा शहराला दोन डझनांच्या आसपास नगरसेवक, थेट निवडलेला नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, स्वतःचा अर्थसंकल्प आणि स्वतःचे सभागृह मिळते. एकट्या अभ्युदयनगरचे घ्या. ३,३५० घरांत प्रत्येकी चार-साडेचार माणसे धरली तर वस्ती १४-१५ हजारांच्या घरात जाते. राज्यात नगरपंचायत १० ते २५ हजार वस्तीला मिळते आणि तिथे १७ प्रभाग असतात. म्हणजे ही वसाहत कोकणात किंवा मराठवाड्यात असती तर तिला १७ नगरसेवक मिळाले असते.

खेड्याकडे पाहिले तर चित्र आणखी ठळक होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. ग्रामसभा सगळीकडे नीट होतात असे नाही. अनेक ठिकाणी सह्या घरी फिरवल्या जातात. पण हिवरे बाजार आणि मेंढा-लेखा यांनी याच तरतुदीच्या बळावर गाव बदलून दाखवले. तरतूद असेल तर ती वापरणारे गाव कधीतरी निघते. तरतूदच नसेल तर कितीही जागरूक वस्ती निवेदन देण्यापलीकडे जाऊ शकत नाही. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव नगरसभा भरते. त्याआधी वर्षाचा अहवाल नागरिकांच्या हाती पडतो. त्यात रस्त्यांचा आणि शाळांचा खर्च असतो आणि गावाचा अर्थसंकल्प मतदारच मंजूर करतात. आपल्याकडच्या मंडळाच्या वार्षिक सभेची ही मोठी आवृत्ती आहे, एवढेच.

कायद्यात काहीच तरतूद नाही का?

आहे, पण तिची अवस्था बघण्यासारखी आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिच्या अनुच्छेद २४३ (एस) नुसार तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या हव्यात. मुंबईच्या कायद्यात त्यासाठी कलम ५० टीटी आले. समितीत त्या भागातले नगरसेवक, विभागाचा सहायक आयुक्त आणि स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांतून घेतलेले तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य असतात. पाणी, गटारे, स्वच्छता अशा तक्रारींचे निवारण करणे, विभागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी करणे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देणे, ही तिची कामे.

कागदावर हे बरे दिसते. प्रत्यक्षात एफ दक्षिण आणि एफ उत्तर या दोन विभागांची मिळून एकच समिती असते. २०११ मध्ये एफ दक्षिणचीच लोकसंख्या सुमारे ३.६ लाख होती. परळ, लालबाग, शिवडीपासून माटुंगा, वडाळा, शीवपर्यंतचा पट्टा एका टेबलाभोवती बसवायचा आणि त्याला ‘वस्तीपातळी’ म्हणायचे, हे शब्दाला धरून नाही. नामनिर्देशित सदस्यांच्या जागा पक्षकार्यकर्त्यांकडे जातात ही टीकाही जुनी आहे. नगरसेवकच नसल्यामुळे २०२२ ते २०२६ या काळात ही समितीदेखील गोठली. कायद्यातली सर्वांत खालची पायरी वरच्या पायरीवर टेकलेली होती. वरची निघाली तशी खालचीही निघाली.

आणखी एक तरतूद आहे ‘क्षेत्रसभे’ची. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून निधी मिळवण्यासाठी राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा अशी अट होती. त्यानुसार महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती केली. काही मतदान केंद्रांचा परिसर मिळून एक क्षेत्र, त्यातले मतदार हे सभेचे सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष, अशी ही कल्पना. म्हणजे शहरातली ग्रामसभाच. निधी आला, योजना संपली, क्षेत्रसभा मात्र भरल्या नाहीत. १५-१६ वर्षे कोणत्याही पक्षाच्या सरकारने त्या भरवण्याची घाई केली नाही. या एका मुद्द्यावर सर्वपक्षीय एकमत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

यावर आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप असा, की मुंबई हे एक सलग शहर आहे. पाणी भातसा-वैतरणेतून येते, कचरा देवनार-कांजूरला जातो; गल्लीने काय ठरवायचे? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. धरण गल्लीत ठरत नाही, पण आधी कोणता पदपथ दुरुस्त करायचा, शौचालयाची वेळ काय असावी, मैदान वर्षातले किती दिवस कार्यक्रमांना द्यायचे आणि किती दिवस मुलांना, हे गल्लीतच ठरायला हवे. पुणे महापालिका २००६ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून प्रभागनिहाय कामे मागवते. त्यात उणिवा आहेत, पण त्यामुळे शहर मोडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सभा भरली तर ती मोठ्या आवाजाच्या माणसांच्या ताब्यात जाईल. मंडळांचा अनुभव इथे सावध करणारा आहे. अनेक मंडळांत बायका कामाला पुढे आणि कार्यकारिणीच्या यादीत मागे असतात. भाडेकरू, पोटभाडेकरू, गोदामांच्या आडोशाला राहणारे मजूर आणि बंदराच्या जमिनीवरचे झोपडीवासी यांना वर्गणीची पावती मिळते, मत मिळत नाही. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली परिसर व्यवस्थापनाची एएलएम चळवळ कचऱ्यापुरती उपयोगी ठरली. पण ती प्रामुख्याने सोसायट्यांच्या रस्त्यांवर रुजली. चाळी आणि झोपड्या तिच्या परिघावरच राहिल्या. म्हणूनच मंडळाला किंवा सोसायटी महासंघाला प्रभागसभेचा दर्जा देणे हा यावरचा उपाय नव्हे. क्षेत्रसभेचे सदस्यत्व मतदारयादीवर आधारलेले आहे, हेच तिचे बळ. तिथे थकबाकीदार आणि मालक-भाडेकरू असा भेद चालत नाही. ज्याचे नाव यादीत, त्याला सभेत उभे राहण्याचा हक्क.

तिसरा आक्षेप नगरसेवकांचा असतो, तो उघडपणे बोलला जात नाही. निधी आपल्या नावाने वाटण्यातली पुण्याई सभेत वाटली जाईल, ही ती भीती. पण प्रशासकाच्या काळाने त्यांनाही एक धडा दिला आहे. लोकांना नगरसेवक ही गरज वाटली असती, तर इतकी वर्षे निवडणूक लांबवणे कुणालाही जमले नसते. लोक बेफिकीर होते असे नाही. त्यांच्यासाठी नगरसेवक म्हणजे दाखल्यावर सही करणारा आणि टँकर पाठवणारा माणूस झाला होता, आणि ती कामे आमदारांच्या कार्यालयातूनही होत राहिली. वर्षातून चार वेळा ज्याच्यासमोर बसून हिशेब मागितला, तो माणूस खुर्चीवरून गेला तर वस्तीला लगेच जाणवते. सभा ही नगरसेवकाच्या अधिकारावर गदा नाही, ती त्याची मुळे आहेत.

मग आता काय करता येईल?

नव्या कायद्याची वाट बघण्याची गरज नाही. निवडून आलेले सभागृह परत आल्यावर पहिल्या वर्षातच तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, वार्षिक अहवाल. विभाग कार्यालयाने दर वर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक प्रभागासाठी आठ पानांची मराठी पुस्तिका काढावी. मागच्या वर्षी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या कंत्राटदाराला, किती रुपये दिले. कोणते काम अर्धवट आहे. कोणती तक्रार किती दिवसांत सुटली. पुढच्या वर्षी काय ठरले आहे. आकडे महापालिकेकडे असतातच, पण ते शहरभराच्या खात्यांत विखुरलेले असतात. ते प्रभागाच्या नावाखाली एकत्र आणणे हे लेखनिकाचे काम आहे, धोरणाचे नव्हे. जत्रेइतकी गर्दी हाताळणारे मंडळ आपल्या स्मरणिकेत जमाखर्च छापते. ७४ हजार कोटींच्या महापालिकेला प्रभागाचा जमाखर्च छापणे जड जाऊ नये.

दुसरी, क्षेत्रसभा. त्यासाठी लागणारी क्षेत्रांची आखणी आणि नियम राज्य सरकारने पूर्ण करून अधिसूचित करावेत आणि तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर व्हाव्यात. ग्रामसभेच्या तारखा गावात सगळ्यांना पाठ असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कॉटन ग्रीनला यांतल्या दोन तारखा सोयीच्याच आहेत, कारण झेंडावंदनासाठी माणसे तशीही जमतात. सभा संध्याकाळी सातनंतर असावी. कामावरून लोकलने परतणाऱ्याला आणि स्वयंपाक आटोपलेल्या बाईला दोघांनाही येता येईल, अशी ती वेळ आहे. जागा महापालिका शाळेचे सभागृह.

तिसरी आणि कॉटन ग्रीनसाठी सर्वांत महत्त्वाची, सगळ्या यंत्रणांना एका सभेत आणणे. वर्षातून एकदा तरी महापालिका, म्हाडा, बंदर प्राधिकरण, मध्य रेल्वे, एमएमआरडीए आणि बेस्ट यांचे जबाबदार अधिकारी एफ दक्षिणच्या नागरिकांसमोर एकत्र बसले पाहिजेत. त्यासाठी पालिका आयुक्तांचे पत्र पुरते. ‘ही जमीन आमची नाही’ हे उत्तर समोरासमोर दिले, की पुढचा प्रश्न शेजारच्या खुर्चीला विचारता येतो. शिवडीच्या ९६० बिऱ्हाडांना वर्षानुवर्षे या कार्यालयातून त्या कार्यालयात जावे लागले, कारण या खुर्च्या कधी शेजारी मांडल्याच गेल्या नाहीत.

यातून चाळ लगेच नवी होणार नाही आणि गटार एका रात्रीत वाहते होणार नाही. पुढच्या काही वर्षांत मात्र या पट्ट्यात मोठे निर्णय होणार आहेत. बंदराच्या जमिनीवर काय येणार, अभ्युदयनगरच्या मनोऱ्यांत जुने रहिवासी टिकणार की देखभाल खर्चाने बाहेर पडणार, उन्नत मार्गाच्या खाली काय असणार, मैदान मैदान राहणार का. हे निर्णय ज्या टेबलांवर होतील, तिथे वस्तीला आज खुर्ची नाही. ती पाच वर्षांतून एकदा मत देऊन मिळत नाही, हे गेल्या चार वर्षांत दिसले. ते मतदेखील पुढे ढकलता येते. सभा घेणे, प्रश्न विचारणे आणि हिशेब तपासणे या वस्तीला नव्याने शिकवावे लागणार नाही. येत्या सप्टेंबरच्या आत इथल्या सोसायट्या आपापल्या वार्षिक सभा घेतीलच. त्यांच्या विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ असा एक रकाना असतो. प्रत्येक सोसायटीने त्यात ‘आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा’ हा ठराव घातला आणि तो परळच्या विभाग कार्यालयात पोहोच घेऊन दिला, तरी सुरुवात होईल.